दारावरील सूचनेत एक खरी ओळ वाढवून मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी साहेब,
बालदंत विभाग, सार्वजनिक रुग्णालय,
वरचा मजला, जिन्याच्या उजव्या हाताचे बंद दार.

विषय : अर्जदार खोटे बोलतो या सूचनेखाली, अर्जदार एका बाबतीत खरे बोलतो, अशी एक ओळ आपल्या सही-शिक्क्यानिशी लिहून मिळणेबाबत.

संदर्भ : १) विभागाच्या दारावर चिकटवलेली आपली सूचना. २) अर्जदाराचा याआधीचा अर्ज, जो त्याच सूचनेचा आधार घेऊन परत करण्यात आला.

महोदय,

अर्जदार हा अर्ज आपल्या विभागाच्या दाराबाहेरील बाकावर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहीत आहे. आत येऊन टेबलावर लिहिला असता तर अक्षर बरे आले असते. परंतु आत येण्यास त्याला मनाई आहे आणि ती मनाई आपलीच असल्याने तो उंबऱ्याला पायही लावू इच्छित नाही. तरी वेड्यावाकड्या अक्षराबद्दल क्षमा असावी.

१. अर्जदार हा निवृत्त रंगारी आहे. पुलांचे कठडे, लोखंडी जिने, पाण्याच्या उंच टाक्या यांना गंजरोधक रंग देण्यात त्याचे आयुष्य शिडीवर गेले. शिडीवर बोलायला कोणी नसते. त्यामुळे खाली उतरल्यावर अर्जदार जरा जास्त बोलतो, आणि जास्त बोलणाऱ्याच्या बोलण्यात थोडी भर पडते, हे तो नाकारत नाही. एका टाकीला रंग देताना मध्ये येणारे ढग कुंच्याच्या दांड्याने बाजूला सारावे लागत, असे त्याने अनेकांना सांगितले आहे. सदर ढगांबाबत आजपावेतो कोणाचीही तक्रार आलेली नाही.

२. अर्जदाराचा मुलगा मालट्रक चालवतो व बहुतेक दिवस बाहेर असतो. सून शिवणकारखान्यात जाते. घरी उरतात ती दोन माणसे : अर्जदार आणि पहिलीत जाणारी त्याची नात. ती एका जागी टिकत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात. या भिंगरीच्या खालच्या दोन दाढा किडल्या. कशाने किडल्या, याविषयी सूनबाईंचे म्हणणे असे की, "बाबा, गोष्टही तुमची आणि गोष्टीबरोबरची गोळीही तुमचीच." या विधानावर अर्जदार काही बोलू इच्छित नाही. गोळ्यांचा डबा तेव्हापासून सूनबाईंच्या कपाटात असून कपाटाला कुलूप आहे.

३. अर्जदार भिंगरीला घेऊन आपल्या विभागात आला. तेथील डॉक्टरबाईंना मुले दातबाई म्हणतात, म्हणून अर्जदारही तसेच म्हणेल. दातबाईंनी भिंगरीला खुर्चीत बसवून आधी आरसा तिच्याच हातात दिला. मग समजावले की, घाबरायचे काही नाही. उजवी दाढ वरवर किडली आहे, तिला थेंबभर औषध लावायचे. किडलेली जागा काळी पडेल, टणक होईल आणि कीड तिथेच थांबेल. बाकीच्या दातांना कुंचल्याने एक चिकट लेप द्यायचा. डावी दाढ जरा खोल गेली आहे, तिच्यावर पुढच्या खेपेला पोलादी टोपी दाबून बसवायची. सुई नाही, कोरायचे यंत्र नाही. दुधाची दाढ आहे, तिची वेळ झाली की टोपीसकट आपोआप पडेल. तोवर तिने आपली जागा राखली म्हणजे झाले.

अर्जदाराला हे ऐकून फार बरे वाटले. लोखंडाचा गंज पुसून त्यावर रंगाचा हात द्यावा तसेच हे काम. कोणाला फोडायचे नाही, उपटायचे नाही. भिंगरीला मात्र बरे वाटले नाही. तिने ओठ असे घट्ट मिटले की नाकपुड्या पांढऱ्या पडल्या. दातबाईंनी गोड बोलून पाहिले, परिचारिका ताईंनी टाळ्या वाजवून पाहिल्या. सगळ्यांनी हात टेकले.

४. तेव्हा अर्जदाराने तोंड उघडले. तो म्हणाला की, एकदा एका पाणघोड्याची दाढ किडली आणि तिला रंग द्यायला मला बोलावले होते. मी शिडी घेऊन त्याच्या तोंडात शिरलो. जीभ ओली, शिडी सारखी घसरायची. तेव्हा याच दातबाई खाली शिडी धरून उभ्या होत्या. पाणघोडा बिचारा जबडा वासून थांबला, कारण त्याने तोंड मिटले असते तर रंगाऱ्याचा तिथल्या तिथे भुगा झाला असता. एवढे सांगेपर्यंत भिंगरीने पाणघोड्याएवढा जबडा वासला होता. दातबाईंनी कापसाचे बोळे ठेवले, दाढ कोरडी केली, औषधाचा थेंब लावला. अर्जदार शिडीवरून खाली उतरला आणि औषध सुकले, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या. भिंगरी म्हणाली, "झालं? एवढंच?"

५. त्या दिवसापासून दातबाईंच्या सांगण्यावरून अर्जदार प्रतीक्षागृहात बसू लागला. मुले पाणघोडा ऐकत आणि तोंडे उघडीत खुर्चीत जाऊन बसत. काही किरकोळ अडचणी आल्या. धडधाकट दातांच्या एका मुलीने आपल्याला काळी दाढ का मिळत नाही म्हणून भोकाड पसरले. एका मुलाने आजीची कवळी डब्यातून आणली व तिलाही पोलादी टोप्या बसवाव्यात असा हट्ट धरला. आजी तेव्हा घरी पदर तोंडाला लावून बसली होती. परंतु एकही मूल तोंड मिटून परत गेले नाही, याची दप्तरी नोंद नसली तरी दातबाईंना ते ठाऊक आहे.

६. आता अर्जदार मूळ घटनेकडे येतो. एके सकाळी परिचारिका ताई म्हणाल्या, "आजोबा, रोज रोज पाणघोडाच काय? एखाद दिवशी काही उपयोगाचं सांगा ना." अर्जदाराला ते पटले. त्याने त्या दिवशी, आयुष्यात बहुधा प्रथमच, पदरचा एकही शब्द न घालता बोलायचे ठरवले. दातबाईंनी सांगितलेले जसेच्या तसे त्याने मुलांना सांगितले. म्हणजे असे की, आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. आपण गोड खाल्ले की तेही खातात आणि मग आम्ल सोडतात. त्या आम्लाने दात हळूहळू विरघळतो. चांदीचा अंश असलेले पाण्यासारखे औषध आहे, ते लावले की कीड काळी पडून थांबते. आणि पोलादी टोपीखाली कोंडलेल्या जंतूंना खायला काही मिळेनासे होते, की त्यांची हालचाल बंद.

महोदय, मुले हसून हसून बाकावरून खाली पडली. "आजोबा, काहीही हं!" "चांदी लावून काळं होतं म्हणे! चांदी तर पांढरी असते!" "तोंडात आम्ल असतं तर जीभ नसती का जळाली?" एक चिमुरडी तर अर्जदाराची बाही ओढून म्हणाली, "पाणघोड्याची सांगा ना, ती खरी वाटते."

७. मुलांचे एक वेळ चालून जाते. परंतु त्या दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घातलेले एक गृहस्थ मुलाला घेऊन बसले होते. ते ताडकन उठले व म्हणाले, "अहो, लहान मुलांना काय वाट्टेल ते सांगता? तोंडात प्राणी काय, आम्ल काय! दात काळे झाले की बरे होतात काय! कोणी आवरा या म्हाताऱ्याला." आणि ते तक्रार घेऊन तडक आपल्या, म्हणजे साहेबांच्या, दालनात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा समाधानी होता.

येथे अर्जदार नम्रपणे निदर्शनास आणतो की, त्या दिवशीचे प्रत्येक वाक्य आपल्याच विभागाच्या भिंतीवरील तक्त्यात छापलेले आहे. तो तक्ता पिण्याच्या पाण्याच्या यंत्रामागे गेल्यामुळे त्याची फक्त खालची कड दिसते व तिच्यावर हसरा दात आहे. म्हणजे ढग चालले, पाणघोडा चालला, आणि ज्या दिवशी अर्जदार खरे बोलला त्याच दिवशी तो खोटारडा ठरला. याबद्दल त्याचा राग नाही. त्याला फक्त हसावे की रडावे ते कळेनासे झाले आहे.

८. दुसऱ्या दिवशी दारावर सूचना लागली. ती अर्जदाराला तोंडपाठ आहे : "या विभागात बसणारा वृद्ध इसम बालकांना असत्य सांगतो. त्यास आत सोडू नये. त्याच्या सांगण्यावर कोणीही विश्वास ठेवू नये." खाली सही आणि गोल शिक्का. दारावरील पहारेकऱ्यांना मुले शिट्टीमामा म्हणतात. ते अर्जदाराला म्हणाले, "आजोबा, माझा नाइलाज आहे हो. माझी मुलगीसुद्धा तुमचा पाणघोडा ऐकून दोन्ही वेळा दात घासायला लागली. पण शिक्का आहे ना."

मनाईचे दुःख अर्जदाराने गिळले असते. अडचण अशी झाली की, भिंगरीला नुकतेच जोडाक्षर वाचता येऊ लागले आहे. ती साबणाचे वेष्टन वाचते, दुकानांच्या पाट्या वाचते, वाचल्याशिवाय पुढे हलत नाही. टोपी बसवायच्या दिवशी ती अर्जदाराचा हात धरून दारापर्यंत आली, थांबली आणि बोट लावून वाचू लागली. "अ... सत्... त्य." मग तिने मान वर करून विचारले, "आजोबा, असत्य म्हणजे काय हो?"

अर्जदाराजवळ अशा वेळी सांगायला नेहमी काहीतरी असते. त्या वेळी त्याने पदरचे काही घातले नाही. तो म्हणाला, "जे खरं नसतं ते."

९. तेथून पुढे अर्जदाराची जी उलटतपासणी झाली, तशी कोणत्याही कचेरीत होत नसेल. भिंगरीने बाकावर बसून एकेक बाब काढली.

"टाकीवरचे ढग?"

अर्जदार म्हणाला, "खोटे."

"पाणघोडा?"

अर्जदाराने दाराकडे पाहिले, शिक्क्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "तोही."

हे सांगताना त्याला जेवढे जड गेले तेवढे पुलाच्या कठड्यावर लोंबकळतानाही गेले नव्हते. भिंगरी म्हणाली, "मग टोपी बसवताना दुखत नाही, तेपण खोटंच."

"नाही गं राणी, ते खरं आहे."

"कशावरून?"

महोदय, या "कशावरून"साठीच हा अर्ज आहे. अर्जदाराने सांगून पाहिले की, अगं, उजव्या दाढेला औषध लावले तेव्हा कुठे दुखले होते? त्यावर ती म्हणाली, "तेव्हा माझं गोष्टीकडे लक्ष होतं. दुखलं असेल, मला कळलं नसेल." वकिली शिकलेल्या माणसालाही हे खोडता यायचे नाही. तिने तोंड मिटले ते मिटले, आणि त्या दिवशी टोपी डब्यातच राहिली.

१०. कोणी म्हणेल, मग दुसऱ्या कोणी सांगावे. तेही झाले. दातबाई स्वतः बाहेर आल्या, भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, मी सांगते ना, सुई नाही, काही नाही." भिंगरी म्हणाली, "तुम्ही तर शिडी धरली होती." पाणघोड्याच्या गोष्टीत त्या असल्याने त्याही सूचनेखाली येतात, असे भिंगरीचे म्हणणे आहे. परिचारिका ताईंना अर्जदाराने एका गोष्टीत पाणघोड्याला टॉवेल देताना दाखवले होते, त्यामुळे त्या बाद. शिट्टीमामांनी पाणघोड्यासाठी वाहतूक अडवली होती, तेही बाद. वडिलांनी दूर गावाहून फोन केला, त्यांना तिने विचारले, "तुम्ही आजोबांचाच मुलगा ना?" सूनबाईंनी रजा टाकून समजूत घातली, तर म्हणे, "आई, तुझ्या दाढेला कुणी टोपी घातली आहे का? मग तुला काय माहीत?" घरातले व दारातले असे एकूण एक माणूस अर्जदाराने आपल्या गोष्टींत केव्हा ना केव्हा घातलेले आहे. ही त्याची हौस आज त्याच्या गळ्याशी आली आहे.

११. आता यात खरोखर काय पणाला लागले आहे ते अर्जदार पदरचे काही न घालता लिहितो. डाव्या दाढेला थंड पाणी लागले की भिंगरी डोळे मिटते. एकाच बाजूने चावते. गिरक्या घेणारी पोर हल्ली गालाला हात लावून बसते. कुणी "दुखतंय का?" विचारले तर मान हलवून नाही म्हणते, कारण हो म्हटले तर तोंड उघडून दाखवावे लागेल. दातबाईंनी अर्जदाराला बाजूला घेऊन सांगितले आहे की, कीड अजून दाढेतल्या नसेपर्यंत गेलेली नाही, टोपीने भागेल. पण नसेपर्यंत गेली, सूज आली, तर हे सौम्य उपाय चालायचे नाहीत. मग मोठ्या रुग्णालयात नेऊन, भूल देऊन दाढ काढावी लागेल. येत्या गुरुवारी शेवटचे बघू, असे त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज लहान झाला होता.

अर्जदाराने खूप उंचीवरची कामे केली. पण नातीच्या तोंडातल्या एवढ्याशा दाढेपर्यंत त्याची शिडी पोचत नाही.

१२. याच कारणासाठी अर्जदाराने मागील अर्ज केला होता. तो आपल्या कार्यालयातून पुढील शेऱ्यासह परत आला : "अर्जदार असत्य सांगतो अशी सूचना असल्याने अर्जातील मजकूर ग्राह्य धरता येत नाही." अर्जदार खोटे बोलत नाही हे सांगण्यासाठी अर्ज करायचा, तर तो अर्ज अर्जदाराचाच असल्याने खोटा. या वर्तुळातून बाहेर पडण्याची वाट अर्जदाराला दिसत नाही. त्याने अशी गोष्ट रचली असती तर मुलांनीसुद्धा ऐकून घेतली नसती.

१३. सबब विनंती अशी की,

(अ) सूचना काढून टाकावी, ही विनंती अर्जदार करत नाही. लावलेली सूचना निघत नाही हे त्याला समजते. आत येऊ द्यावे, हीसुद्धा तो करत नाही. त्याचे बाकावर ठीक आहे.

(आ) गृहस्थांची तक्रार चुकीची होती असे म्हणावे, हाही आग्रह नाही. पाण्याचे यंत्र जरा सरकवून तक्ता मोकळा झाला तर बरे, पण यंत्र जड आहे.

(इ) फक्त त्या सूचनेखाली, शिक्क्याच्या शेजारी, आपण आपल्या हाताने एवढेच लिहावे : "टोपी बसवताना सुई नाही, कोरायचे यंत्र नाही. थोडे आवळल्यासारखे वाटते, मग ते जाते. हे या इसमाचे म्हणणे खरे आहे." आवळल्याचे वाक्य गाळू नये. अर्जदाराच्या मनात ते गाळायचे आले होते, पण दातबाई म्हणाल्या की तसे वाटते. आणि ते पोरीला खुर्चीत बसल्यावर कळले, तर पुढे ती कुणावरच विश्वास ठेवणार नाही.

हे आपणच का लिहावे, असे आपण विचाराल. कारण या सबंध इमारतीत आपण एकटेच असे आहात, ज्यांना अर्जदाराने अजून कोणत्याही गोष्टीत घातलेले नाही. भिंगरीने स्वतः आठवून आठवून हे कबूल केले आहे. "ते गोल शिक्केवाले काका नव्हते," असे ती म्हणाली. तिचा विश्वास बसेल असे माणूस जगात सध्या एवढेच उरले आहे, आणि ते या दाराआड बसते.

आपण ही ओळ लिहिलीत, तर अर्जदार आपल्याला पुढेही कोणत्याच गोष्टीत घालणार नाही, अशी हमी देतो. ही हमी कितपत धरायची ते आपण ठरवावे.

गुरुवारच्या आत उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र व तूर्त अविश्वसनीय,
(सही)
भिंगरीचे आजोबा, निवृत्त रंगारी
मुक्काम : दाराबाहेरील बाक

दिनांक : चालू महिन्याची चौदा, सोमवार

सोबत :
१. दातबाईंची चिठ्ठी. (त्या शिडीच्या प्रकरणात असल्या तरी चिठ्ठी खरी आहे.)
२. भिंगरीने काढलेले स्वतःचे चित्र. त्यात तोंडाच्या जागी एक आडवी रेघ आहे. ते अपुरे नाही, तसेच आहे.
३. परत आलेला मागील अर्ज, शेऱ्यासह.

घोषणा : वरील संपूर्ण मजकूर अर्जदाराच्या माहितीप्रमाणे खरा आहे.

ता. क. : अर्ज पुरा झाल्यावर भिंगरीने तो मागून घेतला. सगळा काही तिला लागला नाही, पण शेवटची घोषणा तिने बोट लावून, अडखळत, पूर्ण वाचली. मग विचारले, "हे कुणी लिहिलंय?"

अर्जदार म्हणाला, "मी."

तिने कागद घडी घालून परत दिला, ओठ मिटले आणि डाव्या गालाला हात लावून अर्जदाराशेजारी बसून राहिली. ती अजून बसलेली आहे. आपण दार उघडलेत तर समोरच दिसेल.